टेनेसी ‘एकदिलाने’ लढलं, म्हणजे नेमकं कोण?

मी अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, नॅशव्हिलजवळ राहतो, म्हणून अमेरिकेच्या यादवीवरचा (1861 ते 1865) एक मजकूर लोक मला आवर्जून पाठवतात. वर्षातून दोनदा तरी येतोच. गोषवारा असा: 1861 साली टेनेसीची जनता एकदिलाने दक्षिणेच्या, म्हणजे देशातून फुटून निघालेल्या गुलामगिरीवाल्या राज्यांच्या बाजूने उभी राहिली. भांडण गुलामगिरीचं नव्हतंच, राज्यांच्या हक्कांचं होतं. पोरं स्वखुशीने लढायला गेली, म्हणून तर या राज्याला ‘व्हॉलंटियर स्टेट’, स्वयंसेवकांचं राज्य, म्हणतात. काळे लोकही मालकांच्या खांद्याला खांदा लावून लढले. आणि बाहेरून आलेल्या फौजांनी शेवटी हे राज्य चिरडलं.

थोडंफार खरं त्यात आहे, ते जिथल्या तिथे सांगेन. आधी ‘एकदिलाने’ घेऊ.

फेब्रुवारी 1861 मध्ये टेनेसीच्या मतदारांना विचारलं होतं, की देशातून फुटून निघायचा विचार करायला परिषद भरवायची का? उत्तर आलं, नको. 69 हजारांच्या आसपास विरोधात, 58 हजारांच्या आसपास बाजूने. एप्रिलमध्ये दक्षिणेने फोर्ट सम्टर या केंद्र सरकारच्या किल्ल्यावर तोफा डागल्या, राष्ट्राध्यक्ष लिंकनने राज्यांकडे सैन्य मागितलं आणि हवा फिरली. हे खरंच आहे, मध्य आणि पश्चिम टेनेसीत लोक मोठ्या उत्साहाने दक्षिणेकडे वळले. पण गव्हर्नर आयशम हॅरिस आणि विधिमंडळ मतदानाची वाट बघत बसले नाहीत. मे महिन्यातच त्यांनी दक्षिणेच्या सरकारशी लष्करी करार केला आणि मग 8 जूनला लोकांना विचारलं. म्हणजे साखरपुडा उरकून मुलीला पसंती विचारण्यातला प्रकार. तेव्हाही सुमारे 47 हजार लोक ‘नाही’च म्हणाले. पूर्वेकडच्या डोंगराळ भागात तर विरोधाची मतं पाठिंब्याच्या दुपटीहून जास्त होती. तिथल्या स्कॉट काउंटीने पुढे जाऊन टेनेसीपासूनच वेगळं झाल्याचं जाहीर केलं. तो ठराव कागदोपत्री रद्द व्हायला 1986 साल उजाडलं!

पूर्व टेनेसीवर जरा थांबतो, कारण मजकुरात नेमका हाच भाग गायब असतो. 8 नोव्हेंबर 1861 च्या रात्री तिथल्या उत्तरनिष्ठ, म्हणजे देश एकसंध ठेवू पाहणाऱ्या लोकांनी रेल्वेचे नऊ पूल जाळायचा बेत केला आणि पाच जाळले. केंटकीतून उत्तरेची फौज येऊन आपल्याला सोडवेल असा त्यांना भरवसा होता. फौज आलीच नाही. दक्षिणेचा युद्धमंत्री जूडा बेंजामिन याने हुकूम काढला, की पूल जाळणाऱ्यांचा जागच्या जागी लष्करी निवाडा करून त्यांना फाशी द्या आणि प्रेतं जळलेल्या पुलांजवळ लटकत ठेवली तर बरं. पाच जण फासावर गेले. त्यांत ख्रिस्तोफर हॉन नावाचा एक कुंभार होता. जेकब आणि हेन्री हार्मन हे बाप-लेक होते, दोघांना एकाच दिवशी फाशी दिली. हे सगळे टेनेसीचेच. त्यांना फासावर चढवणारं सरकार ज्या टेनेसीच्या नावाने राज्य करत होतं, तिथलेच.

आता यांना संत करायचीही गरज नाही. पूर्वेकडचे बरेचसे उत्तरनिष्ठ गुलामगिरीच्या विरोधात वगैरे नव्हते. त्यांचा एक पुढारी, नॉक्सव्हिलचा ‘पार्सन’ (पाद्री) ब्राउनलो, आधी गुलामगिरीची वकिली करत असे. फुटलेल्या राज्यांच्या सिनेटरांपैकी आपली जागा न सोडणारा एकटा अँड्र्यू जॉन्सन, त्याच्या घरातही गुलाम होते. त्यांना देश मोडायला नको होता, आणि कापसाच्या मळेवाल्यांबद्दल त्यांच्या मनात जुनी अढी होती. एवढंच बऱ्याच जणांना पुरलं.

‘स्वखुशीने’ हा मुद्दा यालाच जोडून. ‘व्हॉलंटियर’ हे बिरुद या यादवीतलं नाहीच. ते ब्रिटनशी झालेल्या 1812 च्या युद्धापासूनचं, मेक्सिकोच्या युद्धात पक्कं झालेलं. पहिल्या वर्षी टेनेसीतून हजारो तरुण आपणहून दक्षिणेच्या सैन्यात गेले, यात शंका नाही. पण एप्रिल 1862 मध्ये दक्षिणेने सक्तीची भरती सुरू केली, आणि ऑक्टोबरमध्ये वीस किंवा जास्त गुलाम असलेल्या मळ्यामागे एका गोऱ्या माणसाला सूट दिली. मक्याच्या दोन पट्ट्या कसणाऱ्या डोंगरातल्या माणसाला यातून काय समजायचं ते समजलं. रात्री डोंगर ओलांडून केंटकीत पळायचं आणि तिथे उत्तरेच्या सैन्यात नाव घालायचं, ही तेव्हाची रीतच पडली होती. वाट दाखवणाऱ्यांना ‘पायलट’ म्हणत. युद्ध संपेपर्यंत टेनेसीचे सुमारे 31 हजार गोरे उत्तरेकडून लढले होते. दक्षिणेकडून लढणारे लाखाच्या वर होते, हेही सांगायला हवं.

राज्यांच्या हक्कांबद्दल फार लिहीत नाही, हॅरिसनेच काम सोपं करून ठेवलंय. जानेवारी 1861 मध्ये त्याने विधिमंडळापुढे गाऱ्हाणी मांडली, त्यांत पहिल्यापासून शेवटपर्यंत गुलामगिरीच आहे. मागितलेल्या घटनादुरुस्त्याही तशाच: पॅसिफिकपर्यंत रेघ ओढून गुलामीचा मुलूख वेगळा काढा, पळालेला गुलाम परत मिळाला नाही तर दुप्पट किंमत भरून द्या, गुलाम सोबत घेऊन फिरायला हरकत घेऊ नका. यात उत्तरेकडच्या राज्यांच्या हक्कांना जागा कुठे आहे? त्यांनी आपल्या हद्दीत काय चालू द्यायचं, हे केंद्राने दरडावून सांगावं, अशीच ही मागणी आहे. आणि पुण्यात बसून जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, तेव्हा त्यांना या भांडणाचं कारण कळलं होतं. आज इंटरनेट हाताशी असून आपल्याला ते कळू नये, हे जरा अवघड वाटतं.

आता काळ्या लोकांचं. मजकुरातला हा सगळ्यात लबाड मुद्दा, कारण त्याला कागदाचा पुरावा देता येतो. जून 1861 मध्ये टेनेसीने खरोखरच कायदा केला, की 15 ते 50 वयाच्या स्वतंत्र काळ्या पुरुषांना लष्करी सेवेत घ्यावं. मजकूर इथे थांबतो. कायदा थांबत नाही. काम कोणतं, तर सैनिकांची हलकीसलकी कामं. आणि आपणहून पुरेसे आले नाहीत, तर शेरीफने धरून आणावेत! 1921 मध्ये राज्याने अशा काळ्या लोकांना पेन्शन दिली, तीही दाखवतात. ती कुणासाठी होती? मालकांसोबत छावणीत गेलेल्या नोकरांसाठी आणि स्वयंपाक्यांसाठी. चूल पेटवणाऱ्याच्या हातात साठ वर्षांनी बंदूक देण्याचा हा उद्योग आहे. दक्षिणेने काळ्यांना सैनिक म्हणून घ्यायचा कायदा केला मार्च 1865 मध्ये. एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती ली याने शरणागती पत्करली.

ज्यांनी बंदुका खरंच हातात घेतल्या, ते टेनेसीचे सुमारे 20 हजार काळे लोक उत्तरेकडून लढले. काय पत्करून, ते टेनेसीतल्याच फोर्ट पिलो या उत्तरेच्या ताब्यातल्या किल्ल्यावर दिसलं. 12 एप्रिल 1864 ला दक्षिणेचा जनरल फॉरेस्ट याच्या घोडदळाने तो किल्ला घेतला आणि शरण येणाऱ्यांनाही मारलं. मेलेल्यांत काळ्या सैनिकांचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा खूप जास्त होतं. त्यातले गोरे सैनिकही बहुतेक टेनेसीचेच. इथेही मारणारे आणि मरणारे शेजारपाजारचे.

पाहुणे आले की मी त्यांना फ्रँकलिन गावात, जिथे एक मोठी लढाई झाली तिथे, कार्टर कुटुंबाच्या जुन्या घरी नेतो. अंगणात लाकडी कचेरीची छोटी इमारत आहे, तिच्या भिंतींची गोळ्यांनी चाळण झाली आहे. 30 नोव्हेंबर 1864 च्या संध्याकाळी उत्तरेची फळी या घरालगत होती आणि दक्षिणेचं सैन्य उघड्या मैदानातून चालून आलं. दक्षिणेचे सहा जनरल या लढाईत मारले गेले. कार्टरांचा मुलगा टॉड दक्षिणेकडून लढत होता, तीन वर्षांनी घराच्या नजरेच्या टप्प्यात आला आणि तिथेच पडला. घरच्यांनी त्याला उचलून आणलं, दोन दिवसांनी तो त्याच घरात वारला. ही गोष्ट ऐकून पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. माझ्याही आलं होतं. पण लढाई चालू असताना तळघरात कार्टर कुटुंबाबरोबर त्यांचे काही गुलामही होते. 1860 च्या शिरगणतीत त्या घराच्या नावावर 28 गुलाम आहेत. तेव्हा राज्याच्या 11 लाख लोकांत पावणेतीन लाख गुलाम होते. ‘टेनेसीची जनता’ म्हणताना हे पावणेतीन लाख धरायचे की नाही, हे मजकूर लिहिणाऱ्याने एकदा सांगून टाकावं.

राहिला ‘बाहेरून आलेल्या फौजां’चा मुद्दा. ओहायो, इलिनॉय, इंडियानाच्या पलटणी इथे होत्या, नाकारत नाही. पण फ्रँकलिननंतर दोन आठवड्यांनी नॅशव्हिलची लढाई झाली. 16 डिसेंबरला पीच ऑर्चर्ड टेकडीवर काळ्या पलटणी सरळ चढून गेल्या. एकट्या 13व्या पलटणीचे 220 जण मेले किंवा जखमी झाले. वरून गोळ्या झाडणाऱ्या दक्षिणेच्या जनरल होल्ट्झक्लॉने आपल्या अहवालात लिहिलं आहे, की पाच झेंडेवाले तटबंदीपासून काही पावलांवर पडले. त्यांतला एक झेंडा त्याच्या माणसांनी आत आणला. त्यावर लिहिलं होतं: मर्फ्रीसबरोच्या काळ्या स्त्रियांकडून भेट.

मर्फ्रीसबरो माझ्या घरापासून गाडीने पाऊण तासावर आहे.