तेराव्यानंतरचा हुरडा

सासूबाईंच्या पंच्याहत्तरीला टीव्हीवर जुने फोटो लावायचं ठरलं, तेव्हा "माझ्याकडे सगळे आहेत" असं मीच म्हणालो. ती चूक मान्य. पण पुढे जे झालं त्यात माझा दोष नव्हता, हे मी रविवारपासून भेटेल त्याला सांगतोय आणि भेटेल तो हसतोय.

फोन गच्च भरला होता. नऊ हजारांवर फोटो केबल लावून कॉम्प्युटरवर घेतले, फोनमधले पुसून टाकले आणि तारखेप्रमाणे लावून सोडले. आता कॉम्प्युटरच्या मते ते सगळे फोटो मी एकाच मंगळवारी, दुपारी सव्वातीन ते पावणेपाचच्या दरम्यान काढले होते. आठ वर्षांचा संसार दीड तासात. भाचीच्या लग्नाची पंगत उठते न उठते तोच तिचा दहावीचा निकाल लागला. आणि मग सासरे. हार घातलेली तसबीर, तेराव्याचं जेवण, वाढपी, बुंदीची परात आणि लगेच पुढच्या फोटोत सासरे शेतात आगटीपाशी बसून हुरडा खाताहेत, बोटाला शेंगा चटणी.

खोली गप्प झाली. मग धाकटा मेहुणा म्हणाला, "दाजी, अण्णांना तेरावं चांगलं मानवलं म्हणायचं."

चाळीस माणसं हसली. सासूबाईसुद्धा, पदर तोंडाला लावून. नंतर त्या आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत, हे फक्त मी पाहिलं.

बुधवारी घरी पाण्याची पाळी होती. चार दिवसांनी येणारं पाणी सोडून मी 43 डिग्रीच्या उन्हात कॉम्प्युटर पिशवीत घालून नवी पेठेत गेलो, यावरून माझी मनःस्थिती सोलापूरकरांना कळेल. बोळातलं दुकान. झेरॉक्स, लॅमिनेशन, रिचार्ज, सगळं एकाच टेबलावर. पोरगा विशीतला. आणि टेबलाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत एक आजोबा, अंगठा एका छोट्या यंत्रावर दाबून बसलेले. हयातीचा दाखला. अंगठा काही केल्या उमटत नव्हता.

"चाळीस वर्षं मागावर सूत गाठलं, मालक. रेषा कापडात गेल्या," ते मला म्हणाले. "आता हे यंत्र म्हंतंय, तुम्ही नाहीच."

मी माझं दुःख पोराला सांगायला सुरुवात केली. ऐकलं आजोबांनी.

"म्हंजे फोटो खरा, तारीख खोटी?"

"होय."

"मग त्यात काय झालं? माझी पण खोटीच हाय की."

पोरानं डोळे वर फिरवले. त्यानं हे आधी ऐकलेलं असावं, बहुतेक त्याच दुपारी.

आजोबांचा जन्म गड्ड्याच्या जत्रेतला. सिद्धेश्वराचे सातही नंदीध्वज संमती कट्ट्याकडे निघालेले, गर्दी अक्षता टाकायला धावतेय आणि त्यांच्या आईला कळा सुरू झाल्या. म्हणजे जानेवारी, संक्रांतीच्या आसपास. आई मरेपर्यंत हेच सांगत होती. "आन् कागदावर काय? एक जून!"

इथे पोरगाही हसला. त्या पिढीतले निम्मे लोक एक जूनला जन्मले. शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की मास्तर तीच लिहायचे, शाळा जूनमध्ये उघडायची म्हणून.

"महिना गेला तर गेला वो. वरीस पण गेलं. तवा वय कसं मोजायचे, ठाव हाय? हात डोक्यावरून घ्यायचा आन् पलीकडचा कान धरायचा. धरता आला तर सहा वर्षं पुरी." आजोबांनी यंत्रावरचा अंगठा सोडून प्रात्यक्षिक केलं. हात खरंच लांब होता, कान धरून वर बोटं शिल्लक राहिली. "मी चौथ्या वर्षीच धरला. मास्तर म्हंटले, सहा! लिहून टाकले. झालं. अठ्ठावन्नाला घरी बसवलं, तवा मी छप्पन्नाचा. ह्या कानानं," त्यांनी कान ओढून दाखवला, "दोन वर्षांचा पगार खाल्ला माझा."

"आजोबा, अंगठा," पोरगा म्हणाला.

"ठिवतो की. पळून चाललाय व्हय?"

यानंतर पोरानं मला जे समजावलं, ते आजोबांमुळे मला पटकन कळलं, हे कबूल करायला हवं. फोटो काढला तो क्षण कॅमेरा फोटोच्या पोटातच लिहून ठेवतो. त्याला एक्झिफ म्हणतात. जपान्यांनी 1995 साली ही पद्धत बांधून दिली. (आजोबांची पेन्शन योजनाही 1995 चीच. त्यांनी ते लगेच सांगितलं.) फाइलला बाहेरून चिकटवलेली तारीख वेगळी, ती फाइल या कॉम्प्युटरवर आली किंवा बदलली तेव्हाची. म्हणजे एक आईनं सांगितलेली आणि एक मास्तरांनी लिहिलेली. मी नऊ हजार फोटो मास्तरांच्या रजिस्टरप्रमाणे लावले होते.

पोरानं फोल्डरच्या वरच्या पट्टीवर उजवं क्लिक करून 'डेट टेकन' असा रकाना आणला, त्यावर टिचकी मारली. आठ वर्षं मुकाट्यानं रांगेत उभी राहिली. भाची आधी दहावी झाली, मग तिचं लग्न झालं.

एका टिचकीचं काम! मग हा रकाना आधीच समोर का नाही? खरी तारीख आत आहे हे त्या यंत्राला ठाऊक असतं, तरी ते तोंडावर खोटी ठेवतं आणि आपण चाळीस माणसांसमोर बावळट ठरतो. पोरगा म्हणाला, पुढच्या वेळी फोनमध्येच सगळे फोटो एका झिप फाइलमध्ये बांधा नि ती आणा, बाहेरची तारीखही टिकते, फार तर दोन सेकंद इकडेतिकडे. दोन सेकंद सोलापुरात चालतात. पण हे सांगायला कुणी घरी येत नाही.

आणि रांगेच्या टोकाला चारशे-पाचशे फोटो उरले. तो रकाना कोरा.

"हे व्हॉट्सॲपचे. ते फोटो पाठवताना दाबून लहान करतं, त्यात आतली तारीख जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला असता तर राहिली असती."

हुरडा त्यातच होता. फाइलच्या नावात एक तारीख होती, पण ती फोटो माझ्याकडे पोचल्याची. वाचली. तेराव्यानंतर दोन दिवसांची. पाठवणारा कोण, तर धाकटा मेहुणा. म्हणजे अण्णांना तेरावं मानवलं ते याच्यामुळे! दुकानातूनच फोन लावला. मूळ फोटो डॉक्युमेंट करून पाठव म्हणालो.

"तो फोन एक्स्चेंजमध्ये दिला की, दाजी."

"फोटो काढून न घेता?"

"तुमच्याकडे सगळे आहेत म्हणालात ना."

मी फोन ठेवला. फोटोत सासऱ्यांच्या अंगात चॉकलेटी स्वेटर. तो त्यांच्याकडे दहा वर्षं होता.

"हाताने पण टाकता येते तारीख," पोरगा म्हणाला. "प्रॉपर्टीजमध्ये जाऊन. कुठली टाकू, काका?"

मला सांगता येईना. तेवढ्यात यंत्रानं पीं केलं, आजोबा हयात निघाले आणि त्या आनंदात खुर्चीतूनच ओरडले, "एक जून टाक!"

"आजोबा, जूनमध्ये कुठला हुरडा?"

"मी जानेवारीतला हाय," ते म्हणाले. "चाललं की मला."