मुख्यमंत्र्याला वेळ मिळाला पाहिजे

महाराष्ट्र राज्य झालं १ मे १९६० ला. तेव्हापासून आजवर सलग पाच वर्षांची मुदत पूर्ण केलेले मुख्यमंत्री फक्त दोन: वसंतराव नाईक आणि देवेंद्र फडणवीस. बाकी सगळे मध्येच गेले. कुणी दिल्लीला गेलं, कुणाला आरोपांमुळे जावं लागलं, कुणाचं सरकार पडलं, कुणाला त्याच्याच पक्षाने बदललं. या एका गोष्टीने राज्याचं किती नुकसान झालंय, याची आपण कधी नीट चर्चाच करत नाही, म्हणून लिहितोय. कुठल्या पक्षाची बाजू घ्यायची नाहीये, हे आधीच सांगतो.

घटनेच्या १६४ व्या कलमात मुख्यमंत्र्याबद्दल फार मोठं वर्णन नाही. राज्यपाल त्याला नेमतात, त्याच्या सल्ल्याने बाकीचे मंत्री नेमतात, आणि मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असतं. आमदार नसलेला माणूसही मुख्यमंत्री होऊ शकतो, पण सहा महिन्यांत त्याला कुठल्यातरी सभागृहात निवडून यावं लागतं. खरी ताकद खातेवाटपात, मंत्रिमंडळापुढे कुठला विषय आणायचा यात, आणि मंत्रालयात सहाव्या मजल्यावर, म्हणजे मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयात, येणाऱ्या फाइलींत असते. पण ही ताकद वापरायची तर आपण उद्या खुर्चीवर असू याची खात्री लागते. सचिवापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांना साहेब किती दिवसांचे आहेत याचा अंदाज असतो आणि त्या अंदाजावरच फाइल हलते.

नाईकसाहेबांकडे बघा. ५ डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५, अकरा वर्षांहून जास्त. पुसद तालुक्यातल्या गहुलीचा, बंजारा समाजातला हा माणूस. मुख्यमंत्री व्हायच्या आधीच त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या अहवालावरून जिल्हा परिषदा आल्या, १ मे १९६२ ला. पुढे त्यांच्या काळात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं उभी राहिली, १९६८ ते १९७२ या चारेक वर्षांत. जमीन मिळवायची, माणसं आणायची, बियाण्यांवर काम सुरू करायचं, आणि त्याचं फळ दिसायला पुन्हा दहा वर्षं. वर्षा-दीड वर्षाची खुर्ची असलेला माणूस या भानगडीत पडेलच कशाला?

आणि १९७२ चा दुष्काळ. आई तेव्हा परकरात होती, बीडकडच्या गावात. घरातली सगळी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, पोरंसुद्धा. सकाळी मुकादम हजेरीपटावर नावं घ्यायचा, दुपारी सुकडी मिळायची, आणि रेशनवर परदेशी लाल मिलो ज्वारी. मिलोची भाकरी थापताना तुटायची, असं ती अजून सांगते. गावाच्या वर असलेला पाझर तलाव तेव्हाच्याच कामातला. आज तो उन्हाळ्यात कोरडा पडतो, पण त्याच्या खालच्या अंगाच्या विहिरींना पाणी टिकतं.

या कामांमागे रोजगार हमीची कल्पना होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती मांडली, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला तिचा प्रयोग झाला, नाईकांनी तिला सरकारचं बळ दिलं. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १९७५ ला शंकरराव चव्हाण आले आणि त्याच वर्षी व्यवसाय कराचा कायदा झाला. पगारातून आजही दरमहा जे २०० रुपये कापले जातात ना, त्याचा उगम तिथला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाला हातभार लावायचा, ही त्यामागची भूमिका. १९७७ ला, वसंतदादा पाटलांच्या कारकिर्दीत, विधिमंडळाने हमीचा कायदा केला. तो अमलात आला २६ जानेवारी १९७९ ला, तेव्हा शरद पवार मुख्यमंत्री होते. काम मागणाऱ्याला काम देणं सरकारवर बंधनकारक झालं, आणि २००५ ला केंद्राने देशभरासाठी कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता. चार मुख्यमंत्री झाले, पण योजना कुणी मोडली नाही. पाया घालणाऱ्याला पुरेसा वेळ मिळाला होता म्हणून पुढच्यांना तो उखडता आला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ऐंशीचं दशक बघा. जून १९८० ते जून १९८८ या आठ वर्षांत अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा, निलंगेकर, शंकरराव चव्हाण आणि पवार असे सहा जण त्या खुर्चीवर बसले. यातली बरीच माणसं कर्तबगार होती. अंतुलेंना जेमतेम दीड वर्ष मिळालं, तरी संजय गांधी निराधार अनुदान योजना त्यांचीच, सिंधुदुर्ग आणि जालना जिल्हे त्यांच्याच काळात झाले. वसंतदादांनी १९८३ ला विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि महाराष्ट्राचं उच्च शिक्षणच बदलून गेलं, चांगलंही आणि वाईटही. पण हे सगळे एका सहीने होणारे निर्णय आहेत. मुदतीची शाश्वती नसलेला मुख्यमंत्री सही करतो. धरण, कालवा, विद्यापीठ, सरकारी दवाखाना या गोष्टी सहीने होत नाहीत, त्यांच्यामागे वर्षानुवर्षं कुणीतरी लागावं लागतं.

गोसीखुर्दचं उदाहरण विदर्भातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. पवनी तालुक्यात वैनगंगेवरचं धरण, २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन, मूळ अंदाज सुमारे ३७२ कोटींचा. त्या दिवशी शंकरराव मुख्यमंत्री होते, दोन महिन्यांत ते गेले. नंतर किती सरकारं आली आणि गेली, खर्च हजारो कोटींवर पोचला, आणि तीस वर्षं उलटल्यावरही कालव्यांची कामं बाकीच होती. ज्यांची घरं पाण्याखाली गेली त्यांची नातवंडं आता लग्नाची झाली. भ्रष्टाचार झाला, त्याच्या चौकशा झाल्या, ते सगळं खरं. पण माझ्या काळात हे पूर्ण होईल, असं कुठल्या मुख्यमंत्र्याला वाटलं असेल?

लांब कारकीर्द म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. नाईकांच्या काळात नरिमन पॉइंटच्या जमिनींवरून वादळ उठलं, गिरणी कामगारांच्या युनियनविरुद्ध शिवसेनेला मोकळीक दिली म्हणून तिला ‘वसंतसेना’ म्हटलं गेलं. हे आक्षेप मला रास्त वाटतात. पण त्यासाठी विधानसभा आहे, निवडणूक आहे. नाईक ज्या पद्धतीने गेले, दिल्लीने ठरवलं आणि इथे बदल झाला, तो मार्ग मला मान्य नाही.

आणि तोच मार्ग पुढे रूढ झाला. निकाल लागतो, निरीक्षक येतात, आमदारांची बैठक होते आणि एका ओळीचा ठराव होतो: नेता निवडीचे सर्व अधिकार पक्षश्रेष्ठींना. लाखो लोकांनी निवडून दिलेले आमदार पहिल्याच बैठकीत आपला सगळ्यात मोठा अधिकार दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळे होतात. प्रादेशिक पक्षांत तर बैठकीचीही गरज पडत नाही, घरातच ठरतं. जो वरून बसवला जातो तो वरूनच उतरवला जातो, म्हणून त्याचं अर्धं लक्ष कायम वर. राज्याच्या वाट्याला उरलेलं अर्धं.

माझी मागणी साधी आहे. विधिमंडळ पक्षाचा नेता आमदारांनी गुप्त मतदानाने निवडावा आणि कुणाला किती मतं पडली ते त्याच संध्याकाळी जाहीर करावं. मध्येच नेता बदलायचा असेल तर त्यालाही तेच मतदान, आणि कारण विधानसभेत सांगावं. याला घटनादुरुस्ती लागत नाही, पक्षाच्या नियमावलीत चार ओळी घातल्या तरी पुरे. पुढच्या वेळी मतं मागायला जो कुणी दारात येईल, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, त्याला मी हेच विचारणार आहे: मुख्यमंत्री निवडताना तुमचं मत तुम्ही देणार की ठरावावर सही करून परत येणार?