उपग्रह फ्लॅश मारत नाही हो!

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरला: "सोलापूरवरून रात्री लुकलुकत जाणारा दिवा हा हेरगिरीचा उपग्रह आहे. फ्लॅश मारून फोटो काढतो. आठच्या सुमारास गच्चीवर जाऊ नका. सरकार लपवतंय." खाली हात जोडलेल्यांची रांग. मी त्याच रात्री आठला गच्चीवर चादर अंथरली.

आधी फ्लॅशचं बघू. लग्नात फोटोग्राफरचा फ्लॅश मांडवाच्या मागच्या रांगेपर्यंत धड पोचत नाही, आणि हा पाचशे किलोमीटरवरून होटगी रोड उजळणार? पृथ्वीचे फोटो काढणारे बहुतेक उपग्रह दिवसाच्या उजेडात काम उरकतात. रिसॅटसारखे रडारवाले रात्रीही चालतात, पण त्यांच्या रेडिओलहरी डोळ्यांना दिसत नाहीत.

मग लुकलुकतं काय? ऊन! आपल्याकडे अंधार पडला तरी तेवढ्या उंचीवर अजून ऊन असतं. पुष्कळदा तो उपग्रहही नसतो, काम संपलेल्या रॉकेटचा रिकामा टप्पा असतो. कोलांट्या खात जाणारं नळकांडं. अंग नेमकं आपल्या बाजूला वळलं की चमकतं. पृथ्वीच्या सावलीत शिरलं की भर आकाशात विझतं. त्यालाच लोक "कॅमेरा बंद केला" म्हणतात.

दिवा लावलेले उपग्रह होऊन गेलेत, हे मान्य. १९६२ चा अमेरिकेचा ॲना १बी भूमापनासाठी चमका मारायचा. पण तो दिसावा म्हणूनच सोडलेला. हेर कशाला कंदील घेऊन फिरेल?

सोलापूरवरच डोळा म्हणे. इतक्या उंचीवरची वस्तू पुण्याहून नि हैदराबादहूनही त्याच मिनिटाला दिसते.

राहिलं "सरकार लपवतंय". मोबाईलमध्ये स्टॉपवॉच आहे ना? मग दोन चमकांमध्ये किती सेकंद जातात ते स्वतःच मोजा. पहिल्या चमकेला बटण दाबा आणि म्हणा "शून्य". इथेच सगळे फसतात. "एक" म्हणून सुरुवात केली की एक चमक जास्त मोजली जाते आणि दोन चमकांमधलं अंतर कमी भरतं. त्या रात्री माझं "वीस" ९७.४ सेकंदांवर आलं. भागिले वीस, ४.८७ सेकंद. बटण दाबायला पाव सेकंद उशीर झाला तरी तो विसांत वाटला जातो.

बेल्जियममधल्या हौशी निरीक्षकांनी अशाच हजारो नोंदी जमवल्या. एकाच वस्तूचे आकडे वर्षानुवर्षं लिहीत गेलं की तिचं फिरणं मंदावतंय की वाढतंय ते कळतं. टोपेक्स-पोसायडन हा उपग्रह बंद पडल्यावर चक्क उन्हाच्या रेट्याने अधिकाधिक जोरात गरगरायला लागला. हे काही कुणी तिजोरीत ठेवलेलं नाही.

ग्रुपवर मी ४.८७ टाकलं, कसं काढलं तेही लिहिलं. अर्ध्या तासाने एकच उत्तर आलं: "काका, मग फोटोत आलात का?"