तुरुंगपटाला गुण कसे द्यावेत

तुरुंगावरचा सिनेमा आला की घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांत चर्चा ठरलेली. रविवारी सकाळी, क्लबहाउसात, इडली-चहासकट. विषय एकच: प्रतिनिधित्व. तिथे छाप पाडायची असेल तर सिनेमा बघण्यात वेळ घालवू नका. एक्सेल उघडा.

पहिला रकाना बायकांचा. अमेरिकन व्यंगचित्रकार ॲलिसन बेक्डेलच्या चित्रमालिकेतली १९८५ सालची कसोटी लावा: दोन बायका हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात आणि बोलणं पुरुषाबद्दल नको. पुरुषांच्या तुरुंगाला ही कसोटी लावून ‘शेकडो कैदी आणि बाई एकही नाही!’ असं म्हणत चष्मा काढा. देशातल्या कैद्यांत बायका शंभरात चारेक, त्याही वेगळ्या ठेवलेल्या, असं कुणी पुटपुटलंच तर त्याला पुरुषी म्हणून गप्प करा. फक्त मुलाकातीच्या वेळी कोर्ट नाक्याच्या बाजूला, जुन्या किल्ल्यातल्या ठाणे कारागृहाकडे फिरकू नका. बायका तिथे फाटकाबाहेर सापडतात. काखेत पोर, पिशवीत धुतलेले कपडे, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली आधार कार्डाची झेरॉक्स. एकमेकींशी बोलतातही, पण वकिलाच्या फीबद्दल. वकील पुरुष. नापास.

सिनेमा परदेशी असेल तर वर्ण मोजा. ‘द शॉशँक रिडेम्प्शन’मध्ये (१९९४) कृष्णवर्णीय मॉर्गन फ्रीमनने केलेला रेड नावाचा कैदी मूळ कथेत लाल केसांचा आयरिश आहे. फ्रीमनला भूमिका मिळाली, १ गुण द्या. आयरिश माणसाची गेली, १ कापा. उत्तर शून्य आलं की ‘संतुलित’ असा शेरा मारा. हिंदी सिनेमात मराठी माणसाची काळजी करू नका. हवालदार आपलाच असतो. आडनाव कदम, काम साहेबांना चहा आणून देणं.

जातीचा रकाना मात्र हवाच, आणि तो श्रेयनामावलीतली आडनावं वाचून भरायचा. पडद्यावरच्या तुरुंगात संडास कोण धुतो आणि चपात्या कोण लाटतो, तिकडे बघायचं नाही. काही राज्यांच्या तुरुंग-नियमावल्यांत ही कामं खरोखरच जातीवर वाटलेली होती. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी ती वाटणी घटनाबाह्य ठरवली आणि कैद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं. तुमच्या एक्सेलला तो आदेश लागू नाही.

एक अडचण उरते. सिनेमातले कैदी बहुतेक शिक्षा झालेले, अंगात एकसारखे कपडे. आपल्या तुरुंगांत चारांतले तीन कच्चे कैदी: कपडे घरचे, गुन्हा शाबित व्हायचा, पुढची तारीख पडलेली. काहींना तर जामीनही मंजूर झालेला असतो, पण जामीनदार कुठून आणणार? भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याच्या ओळखीत कागदपत्रं असलेला माणूस भेटला पाहिजे ना! या गोष्टीत बोगदा नाही, दंगल नाही, दुष्ट जेलरसुद्धा नाही. नायक तारखेला जातो, नवी तारीख घेऊन येतो. कोर्टात न्यायला पोलीस मिळाले नाहीत तर तेवढंही नाही. यावर कोण तिकीट काढणार?

या मंडळींना ‘इतर’ या रकान्यात टाका. त्याला गुण नसतात, पण तक्ता भरलेला दिसतो.