तत्त्वतः मान्य करण्याची रीत

मंत्री झालात, अभिनंदन. खात्याच्या फायली सावकाश वाचा, आधी एक शब्द घोटून घ्या: तत्त्वतः. विसर्गावर फार जोर नको, लोकांना संशय येतो.

हा मूळचा कारभारातला सरळमार्गी शब्द. रस्ता करायचा तर आधी तत्त्वतः मान्यता, मग प्रशासकीय, मग तांत्रिक, पुढे निधी, निविदा आणि शेवटी कार्यारंभ आदेश. पहिल्या पायरीवर लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातलं खर्चाचं खातं, नसतं, आणि लेखाशीर्षावाचून तिजोरीतून छदाम हलत नाही. तुम्ही एवढंच करायचं: पहिल्याच पायरीवर पेढे वाटायचे.

अभ्यासाला जून 2017 घ्या. पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप पेटलेला, दूध रस्त्यावर. 11 जूनला मंत्रिगटाने सरसकट कर्जमाफी मान्य केली. तत्त्वतः आणि निकषांसह! काय बांधणी आहे पाहा. 'सरसकट' आंदोलकांसाठी, 'निकष' वित्त विभागासाठी, आणि या दोघांची समोरासमोर गाठ पडू नये म्हणून 'तत्त्वतः'. 24 जूनला सरसकटची उंची कळली: दीड लाख. थकबाकी त्याहून जास्त? मग वरची रक्कम आधी स्वतः भरा. नियमित फेडणाऱ्याला फार तर 25 हजार, म्हणजे शहाणपणाचा दंडच. त्यानंतर ऑनलाइन अर्ज, आधार, अंगठा. अंगठा उमटेना, तर तो बोटं झिजवणाऱ्याचा दोष.

नवखे चुकतात ते तारखेत. 'लवकरच' म्हणा, 'येत्या अधिवेशनात' म्हणालात तर कोणत्या ते बोलू नका. निकष घोषणेच्याच दिवशी वाचून दाखवू नयेत, फटाके ओले होतात. समिती नेमावी, तिला मुदत द्यावी, मुदतीला मुदतवाढ. शिष्टमंडळ लेखी मागू लागलं तर 'शासन सकारात्मक आहे' एवढं द्या, पण पत्रावर जावक क्रमांक पडू देऊ नका. माहिती अधिकारात नेमका तोच विचारतात.

विरोधात गेलात की हा शब्द घरी ठेवा. तिथे 'सातबारा कोरा' चालतं. त्याला निकष लागत नाहीत. ते परत सत्तेत आल्यावर लागतात: डिसेंबर 2019 मध्ये सरकार बदललं होतं, तरी कर्जमाफी दोन लाखांपर्यंतच होती, आणि त्याहून जास्त थकबाकी असलेला शेतकरी यादीबाहेरच.