बाराच्या भावात

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात एखाद्या कामाची पार वाट लागली, तर ते बाराच्या भावात गेले असे म्हणतात. पुण्यात शिकणारा माझा भाचा त्याच प्रकाराला 'प्रयोग' म्हणतो. त्याच्या हिशेबाने मी गेल्या दोन वर्षांत तालुक्यातला सर्वांत प्रयोगशील छायाचित्रकार ठरलो असून, हा मान मिळवण्यासाठी मी स्वतःहून काहीही केलेले नाही.

वडिलांच्या लोखंडी पेटीत, सातबारा आणि सोसायटीच्या जुन्या पावत्यांखाली, मला आगफा क्लिक थ्री सापडला, तेथून हे प्रकरण सुरू झाले. एके काळी बडोद्यात तयार होणारा हा कॅमेरा असंख्य घरांतला पहिलावहिला कॅमेरा होता. मालकाला तो फारसे काही विचारत नाही. बाहेर ऊन आहे की ढग, एवढे सांगितले की त्याचे समाधान होते. त्यात चौकोनी बारा फोटो निघतात. एक फोटो काढला की मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा दिसेपर्यंत गुंडी फिरवायची, हे एवढे एकच काम माणसाकडे आहे, आणि ते विसरल्यास कॅमेरा आठवण करून देत नाही. रोल कुरिअरने मागवावा लागतो आणि त्याच्या भावात पाच-सहा किलो तूरडाळ येते, हे घरात मला बारा फोटोंसाठी बारा वेळा ऐकावे लागते.

फिल्म धुण्यासाठी, म्हणजे तिच्यावरचे चित्र रसायनाने उमटवण्यासाठी, अंधार लागतो आणि अंधाराची आमच्या गावाला कधीच ददात नव्हती. भारनियमनाचे वेळापत्रक भिंतीवर चिकटवून मी कोठीच्या खोलीत रोल उघडायला बसलो, तेव्हा वीज खात्याचा एवढा चांगला उपयोग आजवर कोणालाच कसा सुचला नाही, याचे मला नवल वाटले. काळोखात पाठचा कागद सोडवायचा, फिल्मचे टोक चाचपून धुण्याच्या छोट्या बंद टाकीतल्या चक्राच्या खाचेत घालायचे आणि ती अडकत-अडकत आत सरकवायची, हे काम सुईत दोरा ओवण्यासारखे असते. फरक इतकाच, की इथे सुई दिसत नाही, दोराही दिसत नाही आणि नाकावरून घाम टपकत असतो. निम्मी फिल्म आत गेली आणि बाहेर पोरांनी "आली रे आली!" असा गलका केला. वीज गेल्यावर बटण बंद करायचे असते ही गोष्ट आपल्याकडे कोणीही पाळत नाही आणि मी त्याला अपवाद नाही. डोक्यावरचा दिवा लख्खकन पेटला, तेव्हा उरलेली फिल्म माझ्या हातात लोंबत होती. भाच्याने ती कोरी काळी पट्टी पाहून तिला 'शून्याचा अनुभव' असे नाव दिले. त्याच्या आईने त्याला शिक्षणासाठी इतक्या लांब का पाठवले, हे मला अजून कळलेले नाही.

दुसऱ्या रोलच्या वेळी रसायनाची बाटली प्रवासातच फुटली, म्हणून मी कॉफीकडे वळलो. ही माझी कल्पना नव्हे. अमेरिकेतल्या रोचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या एका प्राध्यापकाने १९९५ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन इन्स्टंट कॉफीत फिल्म धुऊन दाखवली होती. कॉफीतले कॅफीक आम्ल सोड्याच्या पाण्यात चांदीच्या क्षारांची चांदी करते आणि चित्र उमटते. पुढे त्यात क जीवनसत्त्वाची भर पडली. लिटरभर पाण्याला ५४ ग्रॅम धुण्याचा सोडा, १६ ग्रॅम क जीवनसत्त्व आणि ४० ग्रॅम कॉफी, असे माप मी वहीत उतरवून ठेवले आहे. आमच्या घरी कॉफी म्हणजे डब्याच्या तळाशी पाहुण्यांसाठी राखलेली वस्तू असल्याने सौभाग्यवतींनी ओट्यापाशीच माझा रस्ता अडवला. "कॉफी जवाईबापू आले का लागते. तुमच्या रिळाले कायले पाजता?" मी रोचेस्टरचे नाव घेतले. त्याने काही फरक पडला नाही. पुढे पंधरा मिनिटे घरभर जो वास सुटला, त्यानंतर जावईबापूंनीच कॉफी नको म्हटले, तेव्हा डबा पुरला असेच म्हणायला हवे.

खरी अडचण पाण्याची होती. हे द्रावण २० अंशांवर असावे लागते आणि वैशाखात आमच्या गच्चीवरच्या टाकीतले पाणी थेट चहात घालण्याच्या लायकीचे असते. बर्फगोळेवाल्याकडून लादीचा तुकडा आणून मी द्रावण थंड केले खरे. मात्र शेवटची धुलाई टाकीच्या नळाखाली केली. असा एकदम थंड पाण्यातून गरम पाण्यात गेलेला जिलेटिनचा थर आक्रसतो, फुगतो आणि त्याला जाळी पडते. आजकालची फिल्म सहजासहजी असे करत नाही, पण मला ते पहिल्याच फटक्यात साधले. सगळ्या चित्रांवर मे महिन्यातल्या काळ्या रानासारख्या भेगा उमटल्या. मग मी फिल्म वाळत घातली ती नेमकी कोठीत, जिथे भाव वाढेल या आशेवर दिवाळीपासून कापूस भरून ठेवला होता. सकाळी पाहतो तो ओल्या फिल्मवर कापसाचे तंतू चिकटलेले. निगेटिव्हवरचा तंतू प्रकाश अडवतो आणि फोटोत पांढरा उतरतो, त्यामुळे ४५ अंशांच्या उन्हात काढलेल्या लग्नाच्या वरातीवर बर्फ पडत असल्याचे दृश्य आमच्या गावाने प्रथमच पाहिले. कापसाला भाव मात्र त्या वर्षीही आला नाही.

त्याच रोलमध्ये 'ती' चौकट निघाली. भाद्रपदाच्या तोंडावर पोळ्याच्या संध्याकाळी मी मोठ्या बाबाजींच्या सर्जाचा फोटो काढला होता. शिंगांना हिंगूळ, कपाळावर बाशिंग, पाठीवर झूल असा तो तोरणाखाली उभा होता आणि तेवढ्यात पोळा फुटला. बैल सुटले, तसा मीही सुटलो, आणि गुंडी फिरवायची राहिली. कॅमेरा आठ महिने पेटीत पडून होता. वैशाखात बाबाजींच्या नातवाचे लग्न निघाले, तेव्हा मांडवात बाशिंग बांधलेल्या नवरदेवाचा पहिला फोटो मी सर्जाच्याच चौकटीवर घेतला. एकाच चौकटीवर दोनदा प्रकाश पडला, की एका चित्रात जिथे अंधार असतो तिथे दुसरे चित्र जागा धरते. नवरदेवाचा कोट काळा होता. त्या कोटातून सर्जाचे पांढरेशुभ्र तोंड पुढे आले होते आणि त्याची शिंगे नवरदेवाच्या दोन्ही कानांशेजारून डौलात वर गेली होती. बाशिंगे दोघांनाही शोभत होती.

व्याह्यांना हा फोटो दाखवायचा नाही, यावर घरात एकमत झाले. वहिनींनी तो गव्हाच्या कणगीमागे लपवलाही. पण बाबाजींना त्याची कुणकुण लागली. त्यांनी तो उजेडात नेला, चष्मा पुसून डोळ्यांशी धरला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. सर्जाची जोडी फाल्गुनातच बाजारात गेली होती, याच लग्नाच्या खर्चापायी. तिचा दुसरा फोटो कोणाकडेही नव्हता.

"हा त आपला सर्जा होय बाप्पा," ते म्हणाले. मग बोटाने नवरदेवाचा चेहरा झाकून पुन्हा पाहिले. "पोरगं त रोजच दिसते घरात. याच्यातून नवरदेव काढता येते काय?"

येत नाही, असे मी त्यांना समजावून सांगितले. तालुक्याच्या स्टुडिओतून मोठा करून आणलेला तो फोटो, भेगा आणि बर्फासकट, आता त्यांच्या ओसरीत लावलेला आहे. यंदाच्या पोळ्याला त्यांनी त्यावर हळदीकुंकवाचे बोट ओढले. ते दोघांपैकी कोणाला लावले, हे मुलीकडच्यांनी अजून विचारलेले नाही.