गाडी वळणावर झुकते? झुकू द्या की!

गाडीवेड्यांच्या ग्रुपवर एक सल्ला फिरत असतो: 'स्पोर्ट्स कार वळणावर झुकता कामा नये. 30 मिलिमीटर खाली करा, मिळतील तितक्या कडक स्प्रिंगा टाका, पुढेमागे जाड अँटी-रोल बार (डावं-उजवं चाक जोडून झुकणं रोखणारी दांडी) लावा, मग बघा कशी वळते.' टोयोटा जीटी86 वर हा उपचार हमखास होतो, म्हणून तीच उदाहरणाला घेतो.

'झुकणं थांबलं की पकड वाढते', हा पहिला दावा. वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. तो किती जाईल हे ठरतं गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर आणि तुम्ही वळण किती जोरात घेता यावर. स्प्रिंगचा त्यात फारसा हात नाही. ही गाडी साधारण साडेबाराशे किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून 46 सेंटिमीटरच्या आसपास, चाकांतलं अंतर दीड मीटरहून किंचित जास्त. 0.9 जीच्या (बाजूला ढकलणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या 0.9 पट) वळणात जवळपास 340 किलो भार बाहेर जातो. गाडी 3 अंश झुकली म्हणून त्यात भर पडते फार तर 15-20 किलोंची. एवढ्यासाठी मणके खिळखिळे करून घ्यायचे?

मग स्प्रिंग आणि बार करतात काय? तो भार पुढच्या आणि मागच्या चाकांनी कसा वाटून घ्यायचा, ते ठरवतात. टायरवर दुप्पट भार टाकला तरी पकड दुप्पट होत नाही, कमीच वाढते. त्यामुळे ज्या टोकाच्या वाट्याला जास्त भार सरकतो, त्या टोकाची पकड आधी सुटते. पुढचा बार जाड केला की नाक वळणाबाहेर पळतं, मागचा केला की बूड सुटायला लागतं. दोन्हीकडे सारख्याच प्रमाणात जाड केलात तर समतोल होता तिथेच राहतो, फक्त खिसा हलका होतो.

पुरावा कारखान्यातूनच बाहेर पडलाय. 2012 मध्ये हीच गाडी सुबारूने बीआरझेड म्हणून आणली, तेव्हा तिच्या पुढच्या स्प्रिंगा टोयोटापेक्षा कडक आणि मागच्या किंचित मऊ होत्या. इंजिन तेच, सांगाडा तोच. पण टोयोटाचं बूड खोडकर आणि सुबारू शहाणी.

आता 'खाली करा'. गुरुत्वमध्य 3 सेंटिमीटर उतरला की सरकणारा भार वीसेक किलोंनी घटतो, हे खरं. पण पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात) आहेत. गाडी बसली की लोअर आर्मचं (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचं) बाहेरचं टोक वर जातं आणि रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो) बॉडीपेक्षाही जास्त खाली घसरतं. म्हणजे झुकवणारी तरफ लांब होते! ती आवरायला आणखी कडक स्प्रिंग, आणि चक्र सुरू.

शिवाय शॉकअपची चाल कमी होते. रबरी बूट वर सरकवून शॉकअपच्या दांडीवर, अगदी तळाशी, एक केबल टाय बांधा आणि नेहमीच्या रस्त्यावर चक्कर मारून या. टाय वर जाऊन बंप स्टॉपला (चाल संपते तिथल्या रबरी गोळ्याला) टेकलेला दिसला, तर ऐन वळणात तुमची गाडी स्प्रिंगवर नव्हे, त्या गोळ्यावर उभी असते. तिथे कडकपणा एकदम उसळतो आणि पुढची पकड न सांगता जाते.

'फॉर्म्युला वन गाड्या नाही का दगडासारख्या कडक असतात?' असतात. 2022 ते 2025 च्या नियमांत त्यांच्या तळाखालून जाणारी हवाच गाडीला जमिनीकडे ओढत होती, आणि त्यासाठी तळाची उंची हलून चालत नव्हती. तुमच्या गाडीखाली तसं काही नाही.

कडक गाडी चलाख *वाटते*, हे मात्र मान्य. स्टिअरिंगला चटकन उत्तर देते. पण खडबडीत रस्त्यावर तिचंच चाक उड्या मारतं, आणि हवेतल्या चाकाला पकड कुठली?

पैसे खर्चायचेच असतील तर आधी टायर, मग अलाइनमेंट. या गाडीचा पुढचा कॅम्बर (समोरून पाहिलं तर चाकाचा कल; वरचं टोक आत झुकलं की उणे) कारखान्यातून जवळजवळ शून्य यायचा. साध्या कॅम्बर बोल्टने तो उणे दीड अंशाच्या आसपास नेता येतो. ट्रॅकवरून आल्या आल्या टायरचं तापमान आत, मध्ये, बाहेर असं तीन ठिकाणी मोजा. बाहेरची कड जास्त तापलेली असेल तर कॅम्बर अजून थोडा उणे करा. मध्यभाग दोन्ही कडांपेक्षा तापला असेल तर आधी हवा कमी करा. बारला हात त्यानंतर, तोही एका वेळी एकाच टोकाच्या.